2027 च्या रग्बी विश्वचषकात आयर्लंड उपांत्यपूर्व फेरीची वेस ओलांडेल का?

जून 2025 मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचे सामने पाहिल्यानंतर आपल्याला या खेळाची गोडी लागली आणि आता आपण आंतरराष्ट्रीय रग्बीही पाहू लागला आहात, असे आपण लिहिले आहे. आपला प्रश्न असा आहे की, जागतिक क्रमवारीत सतत वरच्या स्थानांवर असणारा आयर्लंडचा संघ विश्वचषकात एकदाही उपांत्य फेरीत का पोहोचला नाही, क्रिकेटमधल्या दक्षिण आफ्रिकेबद्दल वर्षानुवर्षे जे बोलले गेले तसाच हा मोक्याच्या क्षणी दडपणाखाली येण्याचा प्रकार आहे का, आणि 2027 मध्ये या संघाकडून काय अपेक्षा ठेवावी.

माझे मत आधीच सांगतो. आयर्लंड 2027 मध्ये उपांत्य फेरी गाठू शकेल असे मला वाटते, विजेतेपदाबद्दल मात्र मी तेवढा आशावादी नाही. या संघाच्या आजवरच्या अपयशाचे कारण दडपण आहे, हे मला पटत नाही. खरे कारण संघाच्या बांधणीत आहे. हा संघ मोजक्या खेळाडूंच्या अत्यंत घट्ट समन्वयावर उभा असतो आणि विश्वचषकाचे सहा-सात आठवडे नेमका तोच समन्वय उसवतात.

आपण अंधेरीत पाहिलेला खेळ सेव्हन्स होता: सात खेळाडू, चार-चार मिनिटांचे चार डाव, भरपूर मोकळी जागा आणि वेग. विश्वचषक पंधरा खेळाडूंच्या रग्बीचा असतो. ऐंशी मिनिटांचा सामना, मैदानावर पंधरा आणि बाकावर आठ खेळाडू, आणि पुढच्या फळीतल्या आठ जणांनी स्क्रम (दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण एकमेकांना रेटतात) व लाइनआउट (बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू आत फेकताना लावलेल्या रांगा) यांत जिंकून दिलेल्या चेंडूवर मागच्या सात जणांनी खेळ रचायचा, अशी त्याची साधारण रीत आहे. सामन्याचा शेवटचा अर्धा तास पुष्कळदा बाकावरचे खेळाडू ठरवतात आणि स्पर्धेचे शेवटचे तीन आठवडे संघातले पहिल्या पंधरांबाहेरचे खेळाडू ठरवतात. ही गोष्ट लक्षात ठेवली की आयर्लंडचा इतिहास वेगळा दिसू लागतो.

विश्वचषक 1987 मध्ये सुरू झाला आणि 2023 पर्यंत तो दहा वेळा झाला. आयर्लंड आठ वेळा उपांत्यपूर्व फेरीत हरला. 1999 मध्ये त्या फेरीच्या प्रवेशासाठीच्या सामन्यात लान्स येथे अर्जेंटिनाने त्यांना 28-24 असे हरवले आणि 2007 मध्ये फ्रान्स व अर्जेंटिना यांच्या गटातून ते बाहेरच पडू शकले नाहीत. सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेत खेळणाऱ्या संघांपैकी इंग्लंड, फ्रान्स, वेल्स आणि स्कॉटलंड हे सगळे कधी ना कधी उपांत्य फेरीत खेळले आहेत; आयर्लंड आणि इटली हे दोनच उरले आहेत. मात्र या पराभवांना एका माळेत ओवणे योग्य नाही. 1987, 1995 आणि 2003 मधले पराभव सरळसरळ अधिक चांगल्या संघांकडून झालेले होते आणि त्यांची गूढ कारणे शोधण्याची गरज नाही. 1991 चा पराभव मात्र आजही आयरिश माणसाला सलतो. डब्लिनमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटची काही मिनिटे उरली असताना गॉर्डन हॅमिल्टनने ट्राय करून (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या ट्रायरेषेपलीकडे टेकवून) संघाला पुढे नेले, सगळे मैदान उसळले आणि त्यानंतर लगेच मायकेल लायनाने ट्राय करून ऑस्ट्रेलियाला 19-18 असे जिंकून दिले. तो संघ पुढे विश्वविजेता झाला. 2011 मध्ये गटात ऑस्ट्रेलियाला 15-6 असे हरवून आयर्लंडने वाट मोकळी करून घेतली होती, पण वेलिंग्टनला वेल्सने त्यांना 22-10 असे रोखले.

माझ्या म्हणण्याला खरा आधार 2015 पासूनच्या तीन स्पर्धांत सापडतो. 2015 मध्ये आयर्लंडने कार्डिफमध्ये फ्रान्सला 24-9 असे हरवून गट जिंकला, पण त्या एका विजयाची किंमत प्रचंड होती. कर्णधार पॉल ओ'कॉनेल, पीटर ओ'मॅहोनी आणि खेळाची सूत्रे हलवणारा फ्लाय-हाफ जॉनी सेक्स्टन असे तिघे जायबंदी झाले आणि फ्रान्सच्या खेळाडूला ठोसा मारल्याबद्दल शॉन ओ'ब्रायनवर बंदी आली. एका आठवड्याने अर्जेंटिनाने त्याच मैदानावर त्यांना 43-20 असे धुऊन काढले. ज्या संघाचे नेतृत्व, चेंडू हिसकावण्याची ताकद आणि डावपेच आखणारा मेंदू असे सगळेच एका दुपारी निघून गेले, त्याच्या पराभवाला मानसिक कमजोरी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. माझ्याबरोबर सामने पाहणारे काही मित्र तसे म्हणतात आणि दर वेळी मी त्यांच्याशी वाद घालतो. अशा वेळी बाकावरून येणारा खेळाडू जवळपास तेवढ्याच तोलामोलाचा असावा लागतो आणि तसा तो आयर्लंडकडे नव्हता.

2019 ची गोष्ट वेगळी होती. 2018 मध्ये आयर्लंडने सिक्स नेशन्समध्ये सर्व सामने जिंकून ग्रँड स्लॅम साधला, नोव्हेंबरमध्ये डब्लिनला न्यूझीलंडला 16-9 असे हरवले आणि वर्षातला सर्वोत्तम संघ हा मान मिळवला. पण जो स्मिट यांच्या प्रशिक्षणाखालचा तो संघ ठरलेल्या चालींवर इतका विसंबून होता की, प्रतिस्पर्ध्यांनी त्या चाली वाचल्यावर त्याच्याकडे दुसरा उपाय उरला नाही. विश्वचषकाच्या काही आठवडे आधी इंग्लंडने त्यांना 57-15 असे हरवले, तेव्हाच हे दिसून आले होते. तरीही स्पर्धा सुरू होताना ते क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर होते आणि म्हणून लोकांनी पुढचा घसरणीचा प्रवास धक्कादायक मानला. शिझुओकामध्ये सेक्स्टनच्या अनुपस्थितीत जपानने त्यांना 19-12 असे हरवले, त्यामुळे गटात दुसरे स्थान मिळाले, म्हणून उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंड समोर आला आणि तिथे 46-14 असा निकाल लागला.

2023 चा संघ मात्र आयर्लंडने विश्वचषकात उतरवलेल्या सर्व संघांत निर्विवाद श्रेष्ठ होता. 2022 मध्ये न्यूझीलंडमध्ये जाऊन त्यांनी मालिका 2-1 अशी जिंकली होती, 2023 मध्ये पुन्हा ग्रँड स्लॅम साधला होता आणि गटात दक्षिण आफ्रिकेला 13-8 व स्कॉटलंडला 36-14 असे नमवून सलग सतरा विजय नावावर केले होते. त्यानंतर पॅरिसमध्ये न्यूझीलंडशी झालेला सामना मी रग्बीच्या माझ्या सर्वांत आवडत्या सामन्यांत गणतो, जरी त्याचा निकाल मला आजही बोचतो. न्यूझीलंडच्या दोन खेळाडूंना यलो कार्ड (दहा मिनिटे मैदानाबाहेर) मिळाले, आयर्लंडला एक पेनल्टी ट्रायही (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगामुळे हुकलेल्या ट्रायबद्दल बहाल होणारा) मिळाला आणि तरी शेवटच्या टप्प्यात फलक 28-24 असा न्यूझीलंडच्या बाजूने होता. अखेरची काही मिनिटे राहिलेली असताना रोनन केलेहर चेंडू घेऊन ट्रायरेषेपलीकडे कोसळला, पण जॉर्डी बॅरेटने आपले शरीर चेंडूखाली घालून तो जमिनीला टेकूच दिला नाही. आणि मग शेवटचा हल्ला झाला. टॅकल झालेल्या (पकडून पाडलेल्या) खेळाडूने चेंडू मागे ठेवायचा, साथीदारांनी तो राखायचा आणि पुन्हा पुढे घुसायचे, याला एक फेज म्हणतात. आयर्लंडने अशा सदतीस फेजेस खेळल्या. त्या कित्येक मिनिटांत त्यांच्या हातून चेंडू निसटला नाही आणि न्यूझीलंडने एकही पेनल्टी दिली नाही. शेवटी सॅम व्हाइटलॉकने जमिनीवरच्या चेंडूवर हात घातला, पंचांची शिट्टी वाजली आणि सगळे संपले.

ज्या संघाने थकलेल्या पायांनी सदतीस फेजेस बिनचूक खेळल्या, तो दडपणाखाली कोसळला असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? त्या रात्री आयर्लंडला कमी पडली ती ताजी ताकद. अडतीस वर्षांचा सेक्स्टन शेवटच्या क्षणापर्यंत मैदानावर होता, कारण त्याच्या जागी ठेवावा असा कसलेला फ्लाय-हाफ संघाने घडवलाच नव्हता. सुरुवातीच्या पंधरांपैकी दहा खेळाडू एकट्या लेन्स्टर प्रांताचे होते. आयर्लंडमध्ये लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनॉट असे चार व्यावसायिक प्रांतिक संघ आहेत आणि देशाची रग्बी संघटना प्रमुख खेळाडूंशी थेट करार करून त्यांनी किती सामने खेळावेत हेही ठरवते. या व्यवस्थेमुळे खेळाडू ताजेतवाने राहतात आणि वर्षानुवर्षे एकमेकांशेजारी खेळल्याने न पाहता पास देण्याइतकी सवय त्यांना होते. पण हीच व्यवस्था पहिल्या पंधरा-सोळा जणांना फार वर नेते आणि बाकीच्यांना मोठ्या सामन्यांच्या अनुभवापासून दूर ठेवते.

याच्या उलट उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे आणि आपण तुलनेसाठी त्यांचेच नाव घेतले आहे म्हणून ते सांगतो. क्रिकेटमध्ये ज्यांच्यावर दडपणाचा शिक्का होता (जून 2025 मध्ये लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपद जिंकून त्यांनी तोही पुसला), त्याच देशाचा रग्बी संघ चार वेळा विश्वविजेता आहे. 2023 मध्ये गटात आयर्लंडकडून हरल्यावर त्यांनी फ्रान्सला 29-28, इंग्लंडला 16-15 आणि अंतिम सामन्यात न्यूझीलंडला 12-11 असे हरवले. तिन्ही वेळा केवळ एका गुणाने. अंतिम सामन्यात त्यांनी बाकावर आठपैकी सात जण पुढच्या फळीचे ठेवले होते. हँड्रे पोलार्ड तर मूळ संघात नव्हता, दुखापतग्रस्त खेळाडूच्या जागी तो नंतर आला आणि अंतिम सामन्यातले त्यांचे सर्व बारा गुण त्याच्याच बुटातून आले. राष्ट्रीय स्वभाव वगैरे कारणांवर माझा विश्वास का नाही, हे यावरून आपल्या लक्षात येईल.

आता 2027 कडे वळतो. ही स्पर्धा 1 ऑक्टोबर ते 13 नोव्हेंबर या काळात ऑस्ट्रेलियात होईल आणि प्रथमच त्यात चोवीस संघ असतील. चार-चार संघांचे सहा गट, त्यानंतर सोळा संघांची बाद फेरी आणि मग उपांत्यपूर्व फेरी असा क्रम आहे; म्हणजे विजेत्याला आता तीनऐवजी चार बाद सामने जिंकावे लागतील. 3 डिसेंबर 2025 रोजी सिडनीत सोडत निघाली आणि आयर्लंडच्या गटात स्कॉटलंड, उरुग्वे आणि पोर्तुगाल आले. मागच्या खेपेला सोडत तब्बल तीन वर्षे आधी काढल्यामुळे स्पर्धेच्या वेळचे चार बलाढ्य संघ (आयर्लंड, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड व फ्रान्स) एकाच बाजूला कोंबले गेले होते. या वेळी सोडत ताज्या क्रमवारीवरून निघाली आहे आणि गट निश्चितच सुसह्य आहे. स्कॉटलंडशी त्यांची ही सलग तिसऱ्या विश्वचषकातली गाठ असून 2017 च्या सिक्स नेशन्सनंतर आयर्लंडने स्कॉटलंडसमोर हार पत्करलेली नाही. पोर्तुगालने 2023 मध्ये फिजीला हरवले होते, त्यामुळे त्यांना कमी लेखू नये. तरी जुलै 2025 मध्ये लिस्बनला आयर्लंडने त्यांच्यावर 106-7 असा विजय मिळवला.

त्या निकालातल्या आकड्यापेक्षा तो कोणत्या संघाने मिळवला, हे मला महत्त्वाचे वाटते. त्याच वेळी आयर्लंडचे प्रमुख खेळाडू ब्रिटिश अँड आयरिश लायन्सच्या संघातून ऑस्ट्रेलियात खेळत होते. आयर्लंड, इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स यांतून निवडलेल्या त्या संघात सुरुवातीच्या अडतीसपैकी पंधरा जण आयर्लंडचे होते, मुख्य प्रशिक्षक आयर्लंडच्या संघाचेच प्रशिक्षक अँडी फॅरेल होते आणि लायन्सने ती मालिका 2-1 अशी जिंकली. म्हणजे मुख्य खेळाडूंना पुढच्या विश्वचषकाच्याच भूमीवर मोठ्या मालिकेचा अनुभव मिळाला आणि घरी राहिलेल्यांना राष्ट्रीय पोशाखात खेळण्याची संधी मिळाली. दुसरी फळी घडवण्याचे काम अखेर सुरू झाले आहे, असे मला यातून दिसते.

काळजीची कारणेही मोठी आहेत आणि त्यातले सर्वांत मोठे स्क्रम हे आहे. मुंबईत रग्बी पावसाळ्यात खेळतात. आझाद मैदानाला लागून असलेल्या बॉम्बे जिमखान्याच्या चिखलात दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण एकमेकांत खांदे रोवून रेटतात, ते दृश्य आपण जवळून पाहिलेत तर स्क्रममध्ये मागे ढकलले जाणे संघाला किती खचवते ते लगेच कळेल. पाय रोवायला जागा उरत नाही, पेनल्टी जाते, प्रतिस्पर्धी लाथेने चेंडू पन्नास मीटर पुढे नेतो आणि दमलेल्या संघाला पुन्हा बचावाला उभे राहावे लागते. नोव्हेंबर 2025 मध्ये डब्लिनला दक्षिण आफ्रिकेने आयर्लंडची नेमकी हीच गत केली. स्क्रममध्ये वारंवार पेनल्टी गेल्या, कार्डांमुळे एका वेळी केवळ बारा खेळाडू मैदानावर उरले आणि सामना 24-13 असा गेला. त्याच महिन्यात शिकागोमध्ये न्यूझीलंडने त्यांना 26-13 असे हरवले आणि तिथे लाइनआउटही विस्कळीत होता. मधल्या सामन्यांत जपान व ऑस्ट्रेलिया यांना त्यांनी मोठ्या फरकाने हरवले, हे खरे आहे, पण विश्वचषक जिंकायचा तर पहिल्या दोन संघांपैकी एकाला तरी हरवावेच लागते.

दुसरी काळजी वयाची. ओ'मॅहोनी, कॉनर मरे आणि कियन हीली 2025 मध्ये निवृत्त झाले. स्पर्धेच्या वेळी स्क्रम-हाफ जेमिसन गिब्सन-पार्क, टाइग बिअर्न आणि जेम्स लो हे पस्तीस वर्षांचे असतील, टाइग फर्लाँग जवळजवळ पस्तीसचा आणि बंडी अकी सदतीसचा असेल. माझ्या मते यातला एकटा गिब्सन-पार्क अपरिहार्य आहे, कारण आयर्लंडच्या खेळाची गती त्याच्या हातात असते आणि त्याच्याएवढ्या झपाट्याने रकमधून (टॅकलनंतर चेंडूवर होणाऱ्या झटापटीतून) चेंडू काढणारा दुसरा खेळाडू त्यांच्याकडे अजून नाही. मधल्या पिढीची मला चिंता नाही. कर्णधार कॅलन डोरिस आणि हुकर डॅन शीहन हे दोघे 2027 मध्ये एकोणतीस वर्षांचे म्हणजे ऐन भरात असतील आणि जो मॅकार्थीसारखा धिप्पाड लॉक तेव्हा अवघा सव्वीस वर्षांचा असेल.

राहिला प्रश्न दहा क्रमांकाच्या, म्हणजे फ्लाय-हाफच्या, जर्सीचा. सेक्स्टन गेल्यापासून आयर्लंडमध्ये जॅक क्राउली की सॅम प्रेंडरगास्ट हा वाद धगधगत आहे. प्रेंडरगास्टचे पास आणि लांब किक अप्रतिम आहेत, पण टॅकल करताना तो हलका पडतो. क्राउली अंगावर येणाऱ्याला धीटपणे भिडतो आणि दबावाखालीही साधी, योग्य गोष्ट करतो. मला विचाराल तर बाद फेरीत मी क्राउलीला सुरुवातीला उतरवीन आणि प्रेंडरगास्टला शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवीन. त्याहून महत्त्वाचे हे की दोघांनाही मोठ्या सामन्यांची पुरेशी मिनिटे मिळाली पाहिजेत, नाहीतर 2015 आणि 2023 ची चूक तिसऱ्यांदा होईल. जुलै 2026 मध्ये नव्या नेशन्स चॅम्पियनशिपमध्ये ऑस्ट्रेलिया, जपान आणि न्यूझीलंड यांच्याशी सामने आहेत. फॅरेल यांनी तिथे निकालाची फिकीर बाजूला ठेवून दुसऱ्या फळीतल्या प्रॉप (स्क्रमच्या पहिल्या रांगेतले) आणि फ्लाय-हाफ खेळाडूंना पूर्ण सामने द्यावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दक्षिण आफ्रिका आज सर्वांपेक्षा स्पष्टपणे पुढे आहे आणि त्यांच्या पुढच्या फळीला तोंड देऊ शकणारा स्क्रम आयर्लंडने स्पर्धेपर्यंत उभा केला तर मी माझे मत बदलीन, तोवर विजेतेपदासाठी आयर्लंडचे नाव घेणार नाही. गटात पहिला क्रमांक, बाद फेरीत विजय आणि उपांत्यपूर्व फेरीत बरोबरीची झुंज, इथपर्यंतचा त्यांचा प्रवास मला जवळजवळ खात्रीचा वाटतो. त्या झुंजीत त्यांचे पहिल्या पसंतीचे तीन-चार खेळाडू जायबंदी असतानाही ते जिंकतील का, यावर सगळे अवलंबून आहे.

आपण सामने पाहणारच असाल तर वेळेची चांगली सोय आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सिडनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास आणि पर्थचे अडीच तास पुढे असते, त्यामुळे तिथले संध्याकाळचे सामने मुंबईत दुपारी दिसतील. आयर्लंड-स्कॉटलंड सामना चुकवू नका. त्यात गुणफलकाइतकेच लक्ष पहिल्या चार-पाच स्क्रमकडे ठेवा आणि साठाव्या मिनिटानंतर बाकावरून कोण उतरतो व त्यानंतर खेळाची गती टिकते की मंदावते, ते पाहा.